साइटवरची अवजारपेटी : एक अभ्यास

सुतारकाम शिकताना रंधा कसा धरावा, पटाशी कशी लावावी, गुण्यात सांधा कसा बसवावा हे सारे क्रमाने शिकविले जाते. हीच अवजारे घेऊन परक्या ठिकाणी कामास कसे जावे, हा धडा मात्र अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे कोठे येत नाही. कार्यशाळेत त्याची उणीवही भासत नाही. तेथे भिंतीवर फळा आहे, फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगविलेली आहे, आणि वस्तू जागेवर नसेल तर रिकामी आकृतीच तसे सांगते. परंतु आज सुतारकामातील मिळकतीचा मोठा भाग कार्यशाळेबाहेर आहे. स्वयंपाकघरातील कपाटे, भिंतीतील वॉर्डरोब, टीव्हीची युनिटे ही कारखान्यात यंत्रावर कापली जातात, त्यांच्या कडांना पट्टी लागते, छिद्रेही तेथेच पडतात. कारागिराकडे उरते ते वाकड्या भिंतीवर व उताराच्या फरशीवर ती सरळ उभी करण्याचे काम, आणि अनुभवी माणसास विचारावे तर हेच सर्वांत अवघड.

आपल्या शाळेच्या सुतारकाम विभागातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी पुणे, पनवेल, खारघर, ठाणे या भागांत हेच काम करतात. सुट्टीत ते भेटावयास येतात तेव्हा बोलणे हटकून अवजारांवर येते. त्या बोलण्यांतून, आणि त्यानंतर आम्ही कार्यशाळेत पेट्या करून पाहिल्या त्या अनुभवातून, प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

या विषयाला एक मागची बाजू आहे. गावगाड्यातील बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान ठरलेले होते. वाकस, करवत, रंधा, गिरमिट ही त्याची मत्ता बापाकडून मुलाकडे जाई आणि त्याबरोबर ती कशी ठेवावी याचे शहाणपणही न बोलता जाई. आपल्या वसतिगृहात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्यास गावकीची कामे आली, कसबाची पेटी आली नाही. त्यामुळे या मुलांना पेटी विकत घ्यावी लागते, आणि ती लावण्याची रीतही नव्याने बसवावी लागते. पहिल्या वर्षी अनेक जण गोणीत किंवा प्रवासी बॅगेत सामान भरून निघतात. त्यात आळस नसतो. कोणी दाखविलेले नसते, एवढेच.

अवजारांची जात की कामाचा क्रम?

पेटी लावताना पहिली ओढ असते ती सारख्या वस्तू एकत्र ठेवण्याची. सर्व हातोड्या एका खणात, सर्व बिटे एका डबीत, सर्व स्क्रू एका बरणीत, अशी ही रचना दुकानासाठी उत्तम आहे. साइटवर ती गैरसोयीची ठरते, कारण तेथे माणूस हातोडी शोधत नसतो, तो कामाचा पुढला टप्पा शोधत असतो. म्हणून आमचे मत असे झाले आहे की पेट्या कामाच्या क्रमाने लावाव्यात आणि एका टप्प्यास लागणारे सर्व काही एकाच पेटीत असावे, मग त्यासाठी एखादे स्वस्त अवजार दोनदा घ्यावे लागले तरी चालेल. पेन्सिल, पाच मीटरचा टेप आणि क्रॉसचा पेचकस प्रत्येक पेटीत स्वतंत्र असावा.

कपाट बसविण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम फरशीचा सर्वांत उंच बिंदू शोधून पाणसळीची रेघ मारावयाची. मग भिंतीस भोके पाडून पट्टी वा कोन लावावयाचे, खोके उचलून एकमेकांस जोडावयाचे, भिंतीलगतची फट मोजून पट्टी छाटावयाची. शेवटी शटर, ड्रॉवरचे चॅनेल, मुठी, आणि सिलिकॉनची रेघ. या क्रमाने चार पेट्या होतात: आखणीची, भिंतीची, जोडणी व छाटणीची, आणि शेवटच्या हाताची. पाचवी पिशवी विजेची. याहून अधिक विभागणी केली तर पेट्या वाहण्यातच दिवस जातो, आणि याहून कमी केली तर पुन्हा गोणीच होते.

क्रमाने लावण्याचा फायदा पैशात मोजता येतो. समजा, दोघे कारागीर चौदाव्या मजल्यावर काम करीत आहेत आणि आठ मिलिमीटरचे बिट मोडले, दुसरे जवळ नाही. एकाने मालवाहू लिफ्टची वाट पाहावयाची, खाली फाटकावर नोंद करावयाची, दुकान गाठावयाचे आणि परतावयाचे, यात पाऊण तास सहज जातो. दुसऱ्याचाही तेवढाच वेळ बहुधा वाया जातो, कारण भिंतीवरचे कपाट एकट्याने धरून लावता येत नाही. म्हणजे एका बिटापायी दीड तासाची मजुरी गेली. बहुतेक ठिकाणी मजुरी फुटावर किंवा नगावर मिळते, तेव्हा हा तोटा मालकाचा नसून सर्वस्वी कारागिराचा असतो. त्यातच अनेक गृहनिर्माण संस्थांत आवाजाच्या कामास ठरावीक तास असतात आणि दुपारी विश्रांतीच्या वेळेत यंत्र बंद ठेवावे लागते. गेलेला पाऊण तास संध्याकाळी भरून काढता येत नाही.

भिंतीची पेटी

चारही पेट्यांत भिंतीच्या पेटीवर आम्ही सर्वाधिक वेळ खर्च केला, आणि तसे करण्यास कारण आहे. आखणी चुकली तर खोके काढून पुन्हा बसविता येते. भिंतीतील पकड चुकली तर डब्यांनी आणि स्टीलच्या भांड्यांनी भरलेले कपाट काही महिन्यांनी खाली येते, आणि त्या वेळी त्याच्याखाली ओट्याशी कोणीतरी उभे असते. म्हणून या पेटीतील अव्यवस्था ही केवळ वेळेची नासाडी नव्हे.

आज एकाच शहरात तीन प्रकारच्या भिंती भेटतात. जुन्या इमारतींत विटांची भिंत असते. नव्या अनेक इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकची असते. आणि ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना साइटवर सर्रास मिवानच्या म्हणतात त्या इमारतींत, आतल्या भिंतीही सलग काँक्रीटच्या असतात. या तिन्ही ठिकाणी एकच बिट व एकच प्लग वापरणे ही साइटवर सर्रास दिसणारी गोष्ट आहे. काँक्रीटमध्ये साधे ड्रिल तापते आणि भोक अर्ध्यातच थांबते, तेथे एसडीएस पकडीचे रोटरी हॅमर हवे. एएसी ब्लॉकमध्ये उलट ठोका बंद ठेवून केवळ फिरवूनच भोक पाडावे, नाहीतर ब्लॉक आतून भुगा होतो, भोक सैल राहते आणि नेहमीची प्लास्टिकची गिट्टी त्यात नुसती फिरते. अशा भिंतीसाठी लांब व त्याच कामासाठी बनविलेले प्लग घ्यावे लागतात.

यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. भिंतीच्या पेटीत तीन खण केले आणि त्यांवर 'काँक्रीट', 'वीट', 'ब्लॉक' अशी नावे रंगविली. प्रत्येक खणात त्या भिंतीचे बिट, त्याच मापाचे प्लग आणि त्या प्लगमध्ये बसणारे स्क्रू एकत्र ठेवले. बिट एका पेटीत आणि प्लग दुसरीत असे होऊच द्यावयाचे नाही. भिंत कोणती हे पहिल्या भोकातून बाहेर पडणारा भुगा सांगतो. विटेचा तांबूस, ब्लॉकचा पांढुरका व हलका, काँक्रीटचा करडा आणि तोही मुश्किलीने निघणारा. भुगा पाहून खण निवडला की पुढची निवड आपोआप झालेली असते. नवशिक्या सोबत्यास नुसते 'ब्लॉकचा खण आण' म्हटले तरी पुरते. सर्वाधिक मोडणारे आठ मिलिमीटरचे बिट मात्र प्रत्येक खणात दोन असावे.

याच पेटीत गॉगल, मास्क आणि कानातील बोळे सर्वांत वर ठेवावेत, झाकण उघडताच हातास लागतील असे. तळाशी ठेवलेला मास्क कोणी काढून लावत नाही. छाटणीच्या पेटीतही दुसरा मास्क हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीस माणसास निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या पहिल्या गटात घातले आहे, आणि बंद खोलीत एमडीएफ छाटताना नाकात जाणारी धूळ लहान नसते. पालकांनी मुलास अवजार घेऊन देताना मास्काचाही विचार करावा, ही विनंती.

दोन सारखे दिसणारे क्रॉस

शेवटच्या हाताच्या पेटीविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगावीशी वाटते. क्रॉसचे पेचकस सर्व सारखेच, असा समज सार्वत्रिक आहे. वास्तविक त्यात दोन जाती आहेत. फिलिप्सच्या स्क्रूवर साधा क्रॉस असतो. पोझीच्या स्क्रूवर क्रॉसच्या चार हातांमध्ये तिरप्या चार बारीक रेघा दिसतात. काळे स्क्रू, जे आपण सर्वत्र वापरतो, ते फिलिप्सचे असतात, तर युरोपीय धर्तीच्या बिजागऱ्या, चॅनेल आणि खोकी जोडण्याचे जाड स्क्रू बहुधा पोझीचे. पोझीच्या स्क्रूत फिलिप्सचे बिट बसते खरे, पण जोर देताच उसळून बाहेर येते. एक तर स्क्रूचे डोके खराब होते, नाहीतर बिट घसरून नव्या सनमायक्यावर ओरखडा उठतो, आणि त्या शटरची किंमत कारागिराच्या बिलातून वळती होते. दोन्ही बिटे वेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवावीत आणि ज्या डबीत बिजागरीचे स्क्रू आहेत तिच्या झाकणातच पोझीचे बिट अडकवून द्यावे. बिजागरीच्या वाटीसाठी लागणारे पस्तीस मिलिमीटरचे बिटही खोली रोखणाऱ्या कड्यासह याच पेटीत राहावे. वाटीचे भोक बारा-तेरा मिलिमीटर खोल जाते, आणि शटर अठरा मिलिमीटरचे असले तरी पलीकडे जेमतेम पाच-सहा मिलिमीटरच उरतात.

पेटी कोणती घ्यावी

परदेशात या विषयावर पुष्कळ विचार झालेला आहे. जर्मनीतील टानोस या कंपनीने १९९३ साली एकमेकींवर चढवून अडकविता येणाऱ्या 'सिस्टेनर' पेट्या आणल्या. सर्वांचा तळ एकाच मापाचा, उंची मात्र वेगवेगळी, ही त्यांतील खरी कल्पना होय. पुढे अनेक कंपन्यांनी तीच वाट धरली. अमेरिकेतील मिलवॉकीच्या 'पॅकआउट' पेट्या २०१७ मध्ये आल्या. आता त्या आपल्याकडेही मिळतात आणि तरुण कारागिरांस त्यांचे मोठे आकर्षण आहे. पेट्या उत्तम आहेत यात शंका नाही. परंतु त्या ज्या कारागिरासाठी घडल्या त्याच्यापाशी स्वतःची मोटार व्हॅन असते. आपला कारागीर स्कूटरच्या पायापाशी सामान ठेवून किंवा लोकलच्या मालडब्यातून जातो. म्हणून त्यांतील कल्पना उचलावी आणि पेटी आपल्या प्रवासाच्या मापाने करावी, असे आम्हांस वाटते. सुतारानेच पेटी विकत आणावी हे आम्हांस थोडे चमत्कारिकही वाटते, पण तो भाग सोडून देऊ.

कार्यशाळेत आम्ही तळाचे माप चारशे गुणिले तीनशे मिलिमीटर ठरविले. दोन पेट्या शेजारी ठेवल्या तरी लिफ्टच्या दारातून माणसासह सहज जातात. उंची तीनशे आणि दीडशे अशा दोनच. सर्व पेट्यांच्या तळास दोन आडव्या पट्ट्या आणि झाकणावर त्यांना जुळणाऱ्या खाचा केल्या, म्हणजे एकीवर एक ठेवल्यास घसरत नाहीत.

प्लायच्या जाडीत पुष्कळांची फसगत होते. साइटवर अठरा मिलिमीटरचे तुकडे फुकट पडलेले असतात म्हणून त्यांचीच पेटी केली जाते. चारशे, तीनशे, तीनशे मापाच्या पेटीस झाकणासह सुमारे ०.६६ चौरस मीटर प्लाय लागते. अठरा मिलिमीटरची असेल तर अशी रिकामी पेटीच साडेसात किलोहून अधिक भरते. तीच नऊ मिलिमीटरची केली तर चार किलोच्या आत राहते. कोपऱ्यांत आतून लाकडी पट्टी लावून चिकटविली व स्क्रू मारले की नऊ मिलिमीटरची पेटी पुरेशी दणकट होते. दिवसातून दोनदा चढवावयाच्या वजनात जवळजवळ चार किलोंचा फरक हा पाठीस कळतो. भरलेली कोणतीही पेटी पंधरा किलोंच्या वर जाऊ देऊ नये, असा नियम आम्ही ठेवला आणि त्यासाठी ताणकाटा कार्यशाळेच्या दाराशीच टांगला. जड रोटरी हॅमर ज्या पेटीत आहे तिच्यात स्क्रूचा साठा ठेवावयाचा नाही. दोन हातांत दोन सारख्या वजनाच्या पेट्या नेणे हे एका हातात एक मोठी पेटी नेण्यापेक्षा कितीतरी सुसह्य असते.

आत प्रत्येक वस्तूस तिच्या आकाराची जागा हवी. यासाठी जाड फोम कापून खाच करावी. व्यायामाची जुनी चटई या कामास चांगली चालते. दोन रंगांचे थर वापरले, वर काळा व खाली पिवळा, तर अवजार बाहेर असताना पिवळी जागा ओरडून सांगते. भिंतीवरील फळ्यावरची रिकामी आकृती तीच, फक्त पेटीत आलेली. पटाशीच्या धारेस कॅनव्हासची गुंडाळी हवी. लेझर लेव्हल हलविण्यापूर्वी त्याचा आतील लंबक कुलूपबंद करावा आणि ते फोमच्या मधोमध ठेवावे. साधी पाणसळही गचक्याने बिघडते, म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीवर रेघ मारून ती टोकाची टोक उलटी धरावी आणि बुडबुडा त्याच जागी येतो की नाही ते पाहावे.

पावसाळ्यात मुंबई व कोकणपट्टीत गंज हा मोठा शत्रू आहे. तेलात भिजवून पिळलेले फडके आणि सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवाव्यात, पुड्या मधूनमधून तापवून पुन्हा वापराव्यात.

विजेच्या पिशवीबद्दल थोडक्यात. बॅटऱ्या सुट्या स्क्रूंबरोबर कधीही ठेवू नयेत, धातूचा तुकडा दोन टोकांवर पडला तर बॅटरी पेटू शकते. उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीतही त्या ठेवू नयेत. नव्या सदनिकेत पुष्कळदा एकाच प्रकारचे सॉकेट चालू असते, म्हणून सोळा आणि सहा अँपिअरचे, दोन्ही प्रकारचे प्लग जवळ हवेत. गुंडाळीची वायर जड यंत्रासाठी वापरताना पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते.

झाकणातील यादी

प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवावी आणि तिची एक प्रत खिशात ठेवावी, यावर आमचा विशेष भर आहे. काम संपल्यावर यादी वाचून मोजणी करण्यास चार पेट्यांना मिळून दहा मिनिटे लागतात. पण यादीचा दुसराही उपयोग आहे. मोठ्या गृहसंकुलांत बाहेर पडताना फाटकावर सामान तपासले जाते. ते योग्यच आहे. परंतु उघड्या गोणीतील ड्रिल कोणाचे, या प्रश्नापाशी सुरू झालेले बोलणे पुष्कळदा गाव कोणते, आडनाव काय इथपर्यंत जाते, हा आमच्या एकाहून अधिक विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. आत जातानाच यादीवर पहारेकऱ्याची सही घेतली असेल तर बाहेर पडताना तो कागद बोलतो, आपल्याला बोलावे लागत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे जिगसॉ यंत्र एका साइटवरून रात्रीतून नाहीसे झाले. ठेकेदाराने आधी हात वर केले, यंत्र आणलेच नव्हते असे म्हटले. या विद्यार्थ्यापाशी आत जातानाची सही असलेली यादी, यंत्राच्या क्रमांकाचे छायाचित्र आणि खरेदीची पावती होती. यंत्र परत मिळाले नाही, परंतु किमतीचा निम्मा भाग हिशेबात धरला गेला. त्याच रात्री ज्याचे ड्रिल गेले त्या दुसऱ्या कारागिरास काहीच मिळाले नाही. क्रमांकांची छायाचित्रे काढून ती फोनबरोबरच घरी कोणाकडे तरी पाठवून ठेवावीत, कारण फोनही हरवतो.

खरेदीच्या खर्चाविषयी पालक विचारतात. सर्व काही एकदम घेण्याची गरज नाही. आधी चांगली पाणसळ व भरवशाचे बॅटरीचे ड्रिल घ्यावे, रोटरी हॅमर सुरुवातीस भाड्याने आणावा. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील बोहरी आळी येथे भाव विचारून मगच निर्णय घ्यावा. केंद्र शासनाच्या पीएम विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, सुतारकामाचा समावेश असलेल्या अठरा व्यवसायांतील कारागिरांस अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य ई-व्हाउचरच्या रूपाने ठेवलेले आहे. ही योजना जातीवर नव्हे, हाताने करीत असलेल्या कामावर आधारलेली आहे, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे. अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि एका कुटुंबातून एकासच लाभ मिळतो, त्यामुळे घरात दोघे कारागीर असतील तर अर्ज कोणी करावयाचा हे आधी ठरवावे.

चारही पेट्यांची मापे, तुकड्यांची कापणी-यादी आणि झाकणात लावावयाच्या यादीचा नमुना कार्यशाळेत ठेवलेला आहे. आठ गुणिले चार फुटी एका प्लायमधून तीन मोठ्या पेट्या व त्यांचे आतील खण निघतात. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येताना प्लाय आणावे, करवत, पकडी आणि चिकटविण्याचे सामान येथे मिळेल. पेटी दीड दिवसात होते. रंग वाळावयास आणखी एक रात्र लागते, त्यासाठी मुक्कामाची सोय वसतिगृहात होईल.